निघेल की नाही

रविवारी लाँड्री बंद. बॉयलर थंड, इस्त्रीची टेबलं झाकलेली, धुलाईच्या आठही ड्रमची तोंडं वाळायला उघडी टाकलेली. एरवी या दिवशी खाली चिटपाखरू फिरकत नसे. पण त्या रविवारी जेवणं उरकल्याबरोबर घरातलं झाडून सगळं माणूस जिना उतरलं आणि कपडे निवडायच्या लांब टेबलाभोवती जमलं. टेबलावर कपडा मात्र एकही नव्हता. होता तो थोरल्या सुनेचा अर्ज. सहा पानं, सुटी करून शेजारी शेजारी मांडलेली.

बिझनेस स्कूल दुसऱ्या शहरात, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. दोन वर्षं तिथेच राहून शिकायचं. अर्ज ऑनलाइन पाठवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची, आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

अण्णा आपल्या उंच स्टुलावर बसले. चाळीस वर्षं याच स्टुलावर बसून त्यांनी लोकांचे डाग पाहिले होते. गिऱ्हाईक कपडा पुढे टाकायचं. अण्णा तो खिडकीच्या उजेडाकडे धरायचे, बोटांनी चाचपायचे, हुंगायचे, आणि तीनपैकी एक शब्द द्यायचे: निघेल, फिका पडेल, किंवा आशा नाही. 'बघू, प्रयत्न करू' हे तोंडदेखलं बोलणं त्यांच्या जिभेवर कधी चढलं नाही. खोटी आशा ही देवाच्या नावावर केलेली उधारी आहे, आपण कोण त्याच्या नावावर उधारी करणारे, असं ते म्हणत. चार पेठांपलीकडून माणसं यायची ती कपडे धुऊन न्यायला कमी आणि अण्णांचा शब्द घ्यायला जास्त.

आणि आज सून त्यांच्यासमोर उभी होती. पदर खोचलेला, हातात पेन.

"अण्णा, आज कपडा मी आहे," ती म्हणाली. "निघेल की नाही, तेवढं सांगा."

"निघेल की नाही!" माई फिस्सकन हसल्या. "अगं, तू निघालीस तर आमचं काय होणार, त्याचीच तर ही बैठक आहे."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण अर्धवटच. कारण बायको थट्टेत बोलली ते खरंच होतं.

"आधी आकडे," प्राध्यापक जावयांनी चष्मा कपाळावर ढकलला. ते कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत, आणि एकदा आकडा हाती लागला की त्यांना तहानभूक राहत नसे. "भावना बाजूला ठेवा. प्रवेश परीक्षेत वहिनींनी शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांना मागे टाकलंय. छान आहे. पण तिथे ज्यांना जागा मिळते ते नव्वदांना मागे टाकून येतात. पदवी दुसऱ्या वर्गात. वय चौतीस, बाकीची पोरं पंचविशीची. राहिला अनुभव..."

"अकरा वर्षं," माई म्हणाल्या.

"अकरा. पण घरच्या धंद्यात. त्याचं वजन ते लोक निम्मंच धरतात. घरच्यांनी दिलेलं सर्टिफिकेट कोण मानतो?"

"जावईबापू, तुम्ही एकदा सासूचं सर्टिफिकेट मिळवून दाखवा, मग बोला. तुमच्या त्या परीक्षेत अठ्ठ्याहत्तर तरी मागे पडतात. माझ्याकडे आजवर एकटी हीच पास झाली."

जावई क्षणभर आकडा विसरले. मग सावरून म्हणाले, "एकूण बेरीज शंभरात अकरा. आपल्या इथल्या कॉलेजातला संध्याकाळचा वर्ग असेल तर शंभरात नव्वद."

"मग झालं तर!" ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, लगेच सूत धरलं. "वहिनी, संध्याकाळचा वर्ग काय वाईट आहे? घर राहील, धंदा राहील, वर डिग्रीही मिळेल. आणि पोरीचं काय? पाचवीत गेलीय ती. तिच्या वेण्या कोण घालणार?"

"मी आहे की," बॉयलरपाशी टेकून उभा असलेला थोरला म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य.

"तू? तुला वेणी येते?"

"बॉयलरचा पट्टा आवळता येतो. वेणीला काय, तीनच पदर."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. फार नाही, निमिषभरच. पण अण्णांनी ते पाहिलं आणि त्यांना आपला अबोल मुलगा त्या क्षणी कधी नव्हे इतका आवडला.

आता धाकट्याची पाळी. गाड्या आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे. बोलण्यात लोण्यासारखा, पण आज लोणी कढलेलं होतं.

"मी स्पष्ट बोलतो, मग मला कोणी वाईट म्हणा. वहिनी गेल्यावर पहाटे सहाला कुठला गठ्ठा कुठल्या ड्रमात, कोण सांगणार? गेल्या महिन्यात ती दोन दिवस तापाने पडली तर काय झालं? हॉस्पिटलचे गाऊन हॉटेलात गेले. पाहुणे आंघोळ करून मागून उघडे गाऊन घालून बसले होते. मॅनेजर फोनवर रडत होता!"

"गाडीवर कोण होतं त्या दिवशी?" थोरलीने शांतपणे विचारलं.

"मीच होतो! म्हणून तर सांगतोय ना! मला तुझ्याशिवाय जमत नाही, हे मी चारचौघांत कबूल करतोय, अजून काय करू?"

भांडायला आलेला माणूस स्तुती करून बसला होता.

अण्णांना अकरा वर्षांपूर्वीची ती नवी सून आठवली. आल्याच्या पहिल्या महिन्यात ती दोन दिवस कोपऱ्यात उभी राहून इस्त्रीवाल्या बायकांची पावलं मोजत होती. माईंना वाटलं, पोरगी जरा हलकी आहे डोक्याने. तिसऱ्या दिवशी तिने थोरल्याला हाताशी घेऊन इस्त्रीचं एक टेबल आठ पावलं खिडकीकडे सरकवलं. बस्स, एवढंच. विकत काही आणलं नाही, कुणाला उपदेश केला नाही. आणि त्या दिवसापासून बायका तासभर आधी घरी जाऊ लागल्या. अण्णांनी तीस वर्षं ते टेबल तिथेच पाहिलं होतं. देव डोळे सगळ्यांना देतो, पण पाहणं एखाद्यालाच देतो, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. ते त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही. सासऱ्यांची तोंडं अशा वेळी शिवलेली असतात.

"तुला जायचंय कशाला, ते एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे," ते म्हणाले.

थोरली त्यांच्याकडे वळली. "अण्णा, मी जे करते ते हाताला कळतं. ते तसं का होतं, ते कळत नाही. आठ ड्रम मी चालवते. ऐंशी चालवता येतील का? माहीत नाही. कदाचित नाही येणार. पण माहीत नसताना मी साठीची झाले, तर मला चैन पडणार नाही."

"झालं, हिला ऐंशी ड्रम हवेत," धाकटा पुटपुटला. "आमचे आठ वाऱ्यावर."

"तुम्ही काय मौनव्रत धरलंय?" माई अण्णांना म्हणाल्या. "पूर्वरंग पुष्कळ झाला. आता उत्तररंगाला या."

"कपडा पाहिल्याशिवाय शब्द कसा देऊ?" अण्णा म्हणाले. "अर्ज वाच. मोठ्याने."

तिने वाचायला घेतलं. नाव, शिक्षण, काम. वाक्यं कशी, कडक इस्त्रीची. 'वस्त्रप्रक्रिया उद्योगातील परिचालन', 'ग्राहककेंद्री दृष्टिकोन'. ताई मान डोलवत होती, ते शब्द तिचे होते. मग तिसरा प्रश्न आला: तुमचा एखादा चुकलेला निर्णय सांगा, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत ते सांगा.

थोरलीने उत्तर वाचलं. "'माझे निर्णय सहसा चुकत नाहीत. तथापि कामाप्रति अतिनिष्ठा हा माझ्या स्वभावातील किंचित दोष म्हणता येईल. त्यावर मात करण्याचा मी सातत्याने प्रयत्न करीत असते.'"

"वा!" ताई म्हणाली. "एक डाग म्हणून नाही."

आणि अण्णांच्या कानात ते वाक्य अडकलं. एक डाग म्हणून नाही.

त्यांना सगळं दिसलं. गेला आठवडाभर हा कागद घरात हातोहात फिरला होता. थोरलीने मुळात तिथे नऊ वर्षांपूर्वी आपल्या हातून बिघडलेल्या एका पलंगपोसाची गोष्ट लिहिली होती. धाकट्याने वाचली आणि म्हणाला, आपली बेअब्रू कशाला जगापुढे, काढ. ताईने निम्मी काढली. जावयांनी उरलेली काढली. आणि शेवटी एकच वाक्य उरलं होतं, 'मी सासऱ्यांचा शब्द डावलला', ते स्वतः अण्णांनी आपल्या पेनने खोडलं. सुनेला कोणी उद्धट म्हणू नये म्हणून. प्रेमाने खोडलं होतं हो, अगदी प्रेमाने.

धुणाऱ्यांचंच घर ते. डाग दिसला की सगळ्यांचे हात शिवशिवायचे. चार जणांनी मिळून तो कागद असा धुतला होता की त्यात बाईच उरली नव्हती.

अण्णांनी पान उचलून सवयीने खिडकीच्या उजेडाकडे धरलं. पलीकडचं स्वच्छ दिसत होतं. हा अर्ज असाच गेला तर शंभरात अकरा कसले, एकही नाही. तिथली माणसं असली शंभर पानं दर दिवशी बाजूला सारत असतील. नकार येईल. थोरली चार दिवस गप्प राहील, मग पदर खोचून पहाटे गठ्ठे लावायला उभी राहील. आठ ड्रम फिरत राहतील. हॉस्पिटलचे गाऊन हॉस्पिटलात जातील. कुणी काही वाईट केलं, असंही होणार नाही. आपण फक्त गप्प बसायचं.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. तीनला दहा कमी.

मोहाला शिंगं नसतात. तो घरच्यासारखा येऊन शेजारी बसतो. अण्णांच्या शेजारी तो पुरता एक मिनिट बसला. देवा, त्यांनी मनात म्हटलं, आयुष्यभर माझ्याकडून परक्यांना खरं सांगवून घेतलंस, आता घरच्या लेकीपुढे जीभ उलटू देऊ नकोस.

"आशा नाही," ते म्हणाले.

थोरलीचा चेहरा उतरला. तिने पेनाचं टोपण लावलं.

"अहो!" माई ओरडल्या.

"या कागदाला आशा नाही," अण्णा म्हणाले. "हिच्याबद्दल नाही बोललो मी. हा कागद आपण बिघडवलाय. मी सगळ्यात जास्त. सूनबाई, त्या पलंगपोसाचं परत लिही."

"अण्णा, ते नको," धाकटा म्हणाला. "ते गिऱ्हाईक गेलं होतं आपलं..."

"गप. सूनबाई, लिही म्हणतो ना. नाही, आधी सांग. मी ऐकतो. कुणी मधे बोलायचं नाही."

थोरलीने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग ती टेबलाच्या कडेला टेकली आणि सांगू लागली. आता तिच्या बोलण्यात 'परिचालन' नव्हतं.

"मला इथे येऊन दोन वर्षं झाली होती. एक बाई पांढरा सुती पलंगपोस घेऊन आल्या. स्वतः भरलेला, चारी कोपऱ्यांना वेलबुट्टी. मधे तपकिरी डाग. त्या म्हणाल्या, चहाचा आहे. अण्णांनी बघितला आणि म्हणाले, आशा नाही. मी म्हटलं, चहाच आहे ना, निघेल. अण्णा म्हणाले, मला तो चहासारखा वाटत नाही. पण बाई रडवेल्या झाल्या, आणि मला वाटलं, अण्णांचं वय झालंय, त्यांनी धीर सोडलाय. मी त्यांच्या पाठीमागे तो घेतला आणि बाईंना शब्द दिला. ब्लीचमध्ये घातला. सकाळी काढला तर डागाच्या जागी भोकं, आणि पिळताना तो मधोमध फाटला."

"लोह होतं त्यात," अण्णा हळूच म्हणाले. "लोहावर ब्लीच पडलं की सूत जळतं."

"मी पलंगपोस घेऊन त्यांच्या घरी गेले. तुकडे समोर ठेवले आणि सांगितलं, मी केलं हे. मला वाटलं, त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, चूक माझीच. तो चहा नव्हता. नवऱ्याचं रक्तवाढीचं औषध होतं. शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे, सगळं अंगावर सांडायचे. ते दुकानात दहा जणांसमोर कसं सांगू? म्हणून चहा म्हटलं." थोरलीने टेबलावरचं पान सरळ केलं. "येताना मी रस्ताभर तेवढंच घोळवत होते. लोक डागाबद्दल खोटं बोलतात, कारण आपण त्यांना चारचौघांत विचारतो. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. वर एकच ओळ: डाग कशाचा? खरं लिहा, घडी घाला, डाग काढणाऱ्यांशिवाय कुणी वाचणार नाही."

"आणि लिहितात लोक!" माईंना राहवलं नाही. "काय काय लिहितात! हे मला एक अक्षर सांगत नाहीत."

"सांगणारही नाही," अण्णा म्हणाले.

"आधी दहातले सहा डाग निघायचे," थोरली म्हणाली. "आता साडेआठ निघतात. साबण तोच, पाणी तेच."

जावयांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "थांबा. सहावरून साडेआठ? किती वर्षांचे आकडे आहेत?"

"नऊ. चिठ्ठ्या जाळतो, पण कुठला डाग आणि निघाला की नाही, ते मी लिहून ठेवते."

"नऊ वर्षांची नोंद!" प्राध्यापक उभेच राहिले. "वहिनी, माझे विद्यार्थी तीन महिन्यांच्या आकड्यांवर प्रबंध लिहितात! आणि मी... हे काढून टाकलं? मी?"

"तुम्ही शेवटची चार वाक्यं काढलीत," ताई म्हणाली. "आधीची मी."

"आता उणीदुणी पुरे. साडेतीन झाले," माई म्हणाल्या.

मग त्या टेबलाभोवती जी धांदल उडाली ती कामाच्या दिवशीही उडत नसे. थोरली पाठकोऱ्या कागदावर हाताने लिहू लागली. थोरल्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि दोन बोटांनी टाइप करू लागला. 'पलंगपोस' शब्दापाशी त्याला चार मिनिटं लागली. धाकटा मागे येरझाऱ्या घालत होता, खांद्यावरून बघत होता, सुस्कारे टाकत होता. शेवटी त्याने भावाला दंडाला धरून उठवलं.

"सरक रे बाबा. तुझ्या वेगाने पुढच्या वर्षीची मुदत गाठशील. वहिनी, सांग. 'त्यांच्या पाठीमागे' च्या पुढे काय?"

"'त्यांच्या पाठीमागे मी शब्द दिला.'"

धाकट्याची बोटं थांबली. "हे राहू द्यायचं? नक्की? अण्णा?"

"माझ्याकडे काय बघतोस? तिचा अर्ज आहे."

त्याने टाइप केलं. ताईने शुद्धलेखन तपासलं आणि 'परिचालन' सगळीकडून काढून 'काम' घातलं. जावई नऊ वर्षांच्या वह्यांतून एक छोटा तक्ता तयार करत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. माई कुणालाच नको असलेला चहा करून आणत होत्या आणि सगळे तो पीत होते. पाचला सात मिनिटं कमी असताना थोरलीने सगळं एकदा वाचलं, डोळे मिटले, आणि बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. अर्ज मिळाला.

मग थोरली स्टुलापाशी आली.

"आता सांगा, अण्णा. नवा कागद. निघेल की नाही?"

"माझा आकडा आता सतरावर जातो," जावई म्हणाले. "कदाचित एकोणीस."

"जावईबापू, तुमचं झालं. यांना बोलू द्या."

अण्णांनी वेळ घेतला. गुण कमी होते. वय जास्त होतं. तिथली माणसं कशी, त्यांना डोळा आहे की नाही, कोण जाणे. तोंडभरून 'निघेल' म्हणावं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. सुनेसाठी म्हणायला काय जातं? पण याच सुनेने तुकडे हातात घेऊन परक्याच्या घरी जाऊन खरं सांगितलं होतं. तिला खोटं द्यायचं म्हणजे तिचा अपमान.

"दहात चार," ते म्हणाले. "त्यापेक्षा जास्त सांगवत नाही."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार? मी मनात दोन धरले होते."

"चार म्हणजे सहा वेळा नाही," ताई काळजीने म्हणाली.

"मला बेरीज येते, ताई," थोरली हसत नाक पुसत म्हणाली. "पण अण्णांनी चार म्हटलं म्हणजे चार आहेत. ते खरे आहेत."

अण्णा स्टुलावरून उतरले. गुडघे कुरकुरले.

"उद्या पहाटे गठ्ठे मी लावणार," त्यांनी जाहीर केलं. "तू शेजारी उभी राहा, आणि चुकलो की सांग. लाजू नकोस. धाकट्या, तूही ये, वही घेऊन."

"उद्यापासून?" धाकटा उडालाच. "अण्णा, निकाल यायला अजून दोन महिने आहेत! आणि आला तरी दहात चार..."

"माझं डोकं आता हळू चालतं बाबा," अण्णा म्हणाले. "हिचं काम शिकायला मला दोन महिने लागतील."